जुईला कळतंय का, ते आधी पाहा

‘नमस्कार डॉक्टर. आमची जुई लॅब्रॅडॉर आहे, १ वर्ष ८ महिन्यांची, वजन २४ किलो. नऊ महिन्यांपूर्वी तिची नसबंदी केली. गेले दोन-अडीच महिने ती झोपून उठली की खाली ओलं दिसतं. कधी तळहाताएवढा डाग, कधी अख्खी चादर. शिवाय रात्री दोनदा-तीनदा उठून दाराशी जाते, पंजाने दार खरवडते. पूर्वी ती रात्री दहा ते सकाळी सहा शांत झोपायची. दवाखान्यात सात दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या होत्या. त्याने चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. त्यालाही आता महिना झाला. संध्याकाळी सहानंतर मी पाण्याचं भांडं उचलून ठेवते. रागावून झालं, एकदा चापटही मारली, आणि मग मलाच रात्रभर झोप लागली नाही. सासूबाई म्हणतात, घरात वास येतो, तिला बाहेर बांध. इतक्या तरुण कुत्रीला ही सवय लागते कशी आणि मोडायची कशी?’

ताई,

उत्तर मोठं आहे, सावकाश वाचा. पण त्याआधी उठा आणि पाण्याचं भांडं भरून जागेवर ठेवा. रात्रभर ते तिथेच राहू दे.

पाणी तोडलं की शू कमी होईल, हा हिशेब कुणालाही सरळच वाटतो. पण शरीराला पाणी धरून ठेवता येत नसेल तर सगळं उलट घडतं. आधी लघवीवाटे पाणी निघून जातं आणि ती तूट भरून काढायला कुत्रं पाणी पितं. अशा वेळी भांडं उचललं तरी लघवी होतच राहते, कुत्रं मात्र आतून सुकत जातं. माझ्याकडे अशी एक कुत्री आली होती. घरच्यांनी आठवडाभर तिचं रात्रीचं पाणी बंद केलं होतं. बोलता बोलता ते म्हणाले, ‘हल्ली ती रात्री न्हाणीघरात जाते आणि ओली फरशी चाटत बसते.’ त्यांना वाटत होतं तिला काहीतरी विचित्र खोड लागली आहे. ती तहानलेली होती. हिरडीला बोट लावलं तर चिकटत होतं, इतकं तोंड कोरडं. जुईवर ती वेळ येऊ देऊ नका.

आता तुम्ही वापरलेल्या ‘सवय’ या शब्दाबद्दल. जी कुत्री दीड वर्षाची होईपर्यंत आठ-आठ तास कोरडी झोपत होती, ती एका आठवड्यात ते विसरत नाही. शिकलेलं कुत्रं अचानक घरात ओलं करू लागलं, तर शरीरात काहीतरी बिघडलंय असं धरूनच मी तपासायला घेतो, आणि तपासण्या साफ आल्यावरच वागण्याकडे वळतो. झोपेत जे होतं त्याचा तर तिला पत्ताही नसतो. ती जागी होते, खाली ओलं लागतं, मालकीण रागावलेली असते, आणि या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध ते तिला कळत नाही. कळतं ते एवढंच, की आपण उठलो की हिला राग येतो. त्या चापटीचं तुम्हाला वाईट वाटलं, तुमची झोप उडाली, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. जुईने ते मनात ठेवलं नसेल. आता ते तिथेच सोडा, फक्त पुन्हा नको. आणि घरात कुणी तिचं नाक त्या ओल्यात घासत असेल तर तेही आजपासून बंद.

तुमच्या पत्रात खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. पहिली, झोपेत ओलं होणं. दुसरी, रात्री उठून दाराशी जाणं. दार खरवडणाऱ्या जुईला कळतंय की आपल्याला लागली आहे. ती रोखून धरते आहे, तुम्हाला उठवते आहे, म्हणजे शिकवलं तसंच वागते आहे. चादर भिजवणाऱ्या जुईला मात्र काहीच कळलेलं नाही. तेव्हा पुढचे दोन-तीन दिवस एवढंच बघायचं, की हे होताना तिला कळतंय का.

ते ओळखायचं कसं? जाणूनबुजून शू करणारी कुत्री आधी हुंगते, जागेवर गोल फिरते, पाय फाकवून बसते, आणि तो ओघ चार-पाच सेकंद तरी चालतो. नकळत गळते तेव्हा यातलं काही होत नाही. ती कुशीवर झोपलेली असते आणि मागच्या मांड्यांखाली डाग पसरतो. शेपटीच्या मुळाशी, मांडीच्या आतल्या बाजूला केस ओले, चिकट लागतात. उठल्यावर ती वळून मागे हुंगते, खूप चाटते. कधी चालताना फरशीवर दोन-चार थेंब पडलेले दिसतात. फोनवर झोपलेल्या जुईचा आणि शूला बसलेल्या जुईचा, असे दोन छोटे व्हिडिओ काढून ठेवा. तोंडी वर्णनापेक्षा ते डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. आमच्या टेबलावर आलं की कुत्रं घाबरून असं काहीच करून दाखवत नाही.

याहून वेगळा तिसरा प्रकारही असतो. कुत्री दर पंधरा-वीस मिनिटांनी बसते, जोर करते, चमचाभरच होतं, आणि दोन पावलांवर जाऊन पुन्हा बसते. लघवीत गुलाबी झाक, उग्र वास. हा मूत्राशयाच्या आतल्या अस्तराचा दाह. त्यामागे जंतुसंसर्ग असतो किंवा मुतखडा, कधी दोन्ही. जुईचं असं काही तुम्ही लिहिलेलं नाही, पण लक्ष गेलं नसेल म्हणून दोन दिवस तिच्याबरोबर जवळ उभं राहून बघा. सकाळी बाहेर सोडलं आणि आपण दारातच थांबलो, तर यातलं निम्मं दिसत नाही.

आता मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते सांगतो. नसबंदीनंतर मादीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती जे स्नायूंचं कडं असतं, त्याची पकड काही माद्यांमध्ये त्यामुळे सैल पडते. हे ऑपरेशननंतर काही आठवड्यांतही होऊ शकतं, काही वर्षांनीही. मोठ्या अंगाच्या जातींमध्ये जास्त दिसतं. त्यामुळे तरुण, नसबंदी झालेली लॅब्रॅडॉर झोपेत ओली होते म्हटलं की पहिला संशय याच्यावरच जातो आणि बरेचदा तो खरा ठरतो. झोपेत अंग सैल पडतं, मूत्राशय भरलेलं असतं, कडं धरून ठेवत नाही, गळतं. जुईचं पहिलं लक्षण इथे नीट बसतं.

दुसरं बसत नाही. कडं सैल झालं म्हणून कुत्री रात्री तीनदा उठून दाराशी जात नाही. ती उठते कारण मूत्राशय खरोखरच भरलेलं असतं, किंवा आत टोचत असतं. म्हणजे एक शक्यता अशी, की जुईची पकड थोडी सैल आधीपासून असेल, पण तेवढ्यावर भागत होतं. मग गेल्या दोन-अडीच महिन्यांत कसल्याशा कारणाने लघवी खूप वाढली, आणि इतका भार त्या सैल कड्याला पेलेना. अशा वेळी नुसतं कडं घट्ट करायचं औषध सुरू केलं तर चादर कोरडी होते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि मूळ आजार आत वाढत राहतो. म्हणून औषधाआधी पाणी मोजायचं.

मोजणं सोपं आहे, चिकाटी मात्र लागते. सकाळी ठरावीक वेळी मापाच्या भांड्याने मोजून पाणी भरा, समजा २ लिटर. दिवसभरात जेवढं वाढवाल तेवढं लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा आणि वजा करा. असं सलग तीन दिवस. बादली, कुंड्यांच्या खालच्या ताटल्या, न्हाणीघराचं दार, सगळं बंद. घरात दुसरं जनावर असेल तर या तीन दिवसांपुरतं दोघांचं पाणी वेगळं. जेवणात पाणी घालत असाल तर तेही धरा. निरोगी कुत्रं साधारणपणे दर किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पितं. २४ किलोच्या जुईला म्हणजे सव्वा ते दीड लिटरच्या आसपास. उकाडा, खेळ, कोरडा आहार यांनी ते थोडं वर जातं. दर किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं, म्हणजे जुईचं २ लिटर ४०० मिलिलिटरच्या वर, तर ते नक्की जास्त आहे आणि त्याचं कारण शोधलंच पाहिजे. मोजायला घेण्याआधी दोन दिवस तिला मोकळं पाणी मिळू दे. इतके दिवस तोडलेलं आहे, तेव्हा सुरुवातीला ती हावरेपणाने पिईल आणि आकडा फसवा येईल.

तिचं वजनही करा. लॅब्रॅडॉर मादीला २४ किलो म्हणजे सडपातळच. ती पहिल्यापासून तशीच असेल तर प्रश्न नाही. पण सहा महिन्यांपूर्वी २७ होती आणि आता २४, असं असेल तर ती बाब डॉक्टरांच्या कानावर सगळ्यात आधी घाला. तहान वाढली आणि वजन उतरलं, ही जोडी मी कधीच हलक्यात घेत नाही.

मग लघवीची तपासणी. सात दिवसांच्या गोळ्या देण्याआधी ती झाली होती का, याचा पत्रात उल्लेख नाही. चार दिवस बरं वाटून पुन्हा तेच होणं, याचे अर्थ अनेक निघतात. जंतू त्या औषधाला दाद देत नसतील. खड्याच्या आडोशाला जंतू शिल्लक राहिले असतील. किंवा संसर्ग नव्हताच आणि ते चार दिवस योगायोगाने बरे गेले. तपासल्याशिवाय यातलं काहीच ठरत नाही, आणि अंदाजाने अँटिबायोटिक बदलत राहिलं की खरोखर गरज पडेल तेव्हा औषध चालेनासं होतं. तेव्हा दुसरा कोर्स कुणी लिहून दिला तर ‘आधी कल्चर करू या का?’ असं जरूर विचारा. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ते कोणते आहेत आणि कुठल्या औषधाला दाद देतात ते बघणं. यात मालकाने विचारण्यात काही वावगं नाही. शेवटच्या गोळीला महिना झाला असल्याने कल्चरचा निकालही आता विश्वासाचा येईल.

कल्चरसाठी लघवी पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातून काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण बहुतेक कुत्र्यांना ते रक्त काढण्याइतकंही टोचत नाही. सोनोग्राफीत बघत केलं तर काही सेकंदांचं काम. बाहेर पडताना लघवीला वाटेतले, त्वचेवरचे जंतू लागतात, म्हणून कल्चरला ती चालत नाही.

साध्या तपासणीसाठी मात्र घरून न्यायला हवी ती सकाळची पहिली लघवी. रात्रभरात ती सर्वात दाट झालेली असते आणि मूत्रपिंडाची खरी ताकद तिच्यातच दिसते. उथळ, स्वच्छ धुतलेली, पूर्ण कोरडी ताटली घ्या. पट्टा आखूड धरा, तिच्या बाजूने चाला, समोरून नको. ती बसली आणि धार सुरू झाली की एक श्वास थांबा, मग मागच्या बाजूने ताटली हळूच सरकवा. आधी सरकवलीत तर ती दचकून उठेल. दोन-तीन चमचे पुरतात. झाकणाच्या बाटलीत ओतून तासाभरात पोहोचवा, जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी द्या. हातमोजे घाला. लेप्टोस्पायरोसिससारखा आजार कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो, त्यामुळे निदान होईपर्यंत ओल्या चादरी हाताळतानाही हातमोजे असू द्या आणि लहान मुलांना लांब ठेवा.

या तपासणीत लघवीचा दाटपणा बघतात. अहवालात तो ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’ नावाने येतो. सकाळच्या लघवीत तो १.०३० च्या वर असेल तर मूत्रपिंडं पाणी धरून ठेवताहेत, मोठा दिलासा. १.००८ ते १.०१२ च्या मध्ये वारंवार अडकला तर मूत्रपिंडं लघवी दाटही करत नाहीत, पातळही करत नाहीत, हे काळजीचं लक्षण. १.००८ च्या खाली म्हणजे जवळजवळ पाणीच. त्याच नमुन्यात साखर, रक्त, पू, खड्यांचे कणही दिसतात.

पाणी जास्त आणि लघवी पातळ निघाली, तर रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होईल. इतक्या तरुण वयात काय काय असू शकतं? जन्मतःच नीट न वाढलेली मूत्रपिंडं, यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी, शरीराला पाणी धरायला सांगणाऱ्या संप्रेरकाचा बिघाड, मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीचा ॲडिसन्स नावाचा आजार, क्वचित मधुमेह. नावं वाचून घाबरू नका. यातलं काहीच नसण्याची शक्यताही मोठी आहे, आणि असलंच तर लवकर कळलेलं बरं. एक साधं कारण मात्र घरच्या घरी तपासता येतं. तिला गेल्या दोन-तीन महिन्यांत खाजेसाठी किंवा कानासाठी स्टिरॉइड असलेलं औषध चालू होतं का? स्टिरॉइडने कुत्र्यांची तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, आणि हे इतक्या वेळा घडतं की मी प्रत्येकाला औषधांचे कागद घेऊनच यायला सांगतो. ते चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका. स्टिरॉइड टप्प्याटप्प्यानेच उतरवायचं असतं.

आणि समजा सगळं साफ आलं. पाणी दीड लिटरच्या आत, सकाळची लघवी दाट, कल्चरमध्ये जंतू नाहीत, खडा नाही. मग कड्याची पकड सैल, हे निदान राहतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. फेनिलप्रोपॅनोलामाइन नावाचं औषध त्या स्नायूंना आवळून धरतं. बहुतेक माद्यांना त्याने चांगला फरक पडतो, पण ते नेमाने आणि बरेचदा कायम द्यावं लागतं. काहींना त्याने बेचैनी येते, भूक मंदावते, रक्तदाब वाढतो. त्यामुळे सुरू करण्याआधी आणि नंतरही रक्तदाब तपासायला हवा, आणि हृदयाचा त्रास असलेल्या कुत्रीला ते सहसा टाळतात. दुसरं एस्ट्रिऑल, म्हणजे कमी झालेल्या इस्ट्रोजेनची थोडी भरपाई. ते नसबंदी झालेल्या माद्यांसाठीच. डोस हळूहळू कमी करत, कमीत कमी किती पुरतो ते शोधतात. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका, मात्रा जुळवायला वेळ लागतो. औषधांनी भागलंच नाही तर मूत्रमार्गाच्या भिंतीत कोलॅजनसारखा पदार्थ टोचून तो अरुंद करणं आणि शस्त्रक्रिया, हेही मार्ग आहेत. स्वतःच्या मनाने माणसांची कुठलीही गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल, ‘मी नसबंदी केली म्हणून हे झालं का?’ कदाचित हो, त्याचा वाटा असेल. तरी तुम्ही चूक केली नाहीत. नसबंदी न केलेल्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा आजार होऊ शकतो आणि तो जीव घेतो. त्या धोक्यातून तुम्ही तिला बाहेर काढलंत. झोपेत गळणं त्रासाचं आहे, पण आटोक्यात येणारं आहे. ज्या वाचकांच्या कुत्रीची नसबंदी झालेली नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवा: माज संपून महिना-दोन महिने झालेत, आणि ती अचानक खूप पाणी पितेय, मलूल आहे, खात नाही, मागून घाण स्राव येतोय किंवा येतही नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अगदी लहान पिल्लांच्या मालकांचीही पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. पिल्लू घरी आलं त्या दिवसापासून कायमच ओलं असतं, मागचे केस कधी वाळतच नाहीत, आणि तरीही ते अधूनमधून व्यवस्थित बसून शू करतं, असं असेल तर शिकवण्यात काही कमी पडलं असं समजू नका. मूत्रपिंडातून येणारी नळी मूत्राशयात उघडायच्या ऐवजी जन्मतःच पुढे मूत्रमार्गात उघडलेली असू शकते. मग ती लघवी साठतच नाही, थेंब थेंब बाहेर येते. दुसरी बाजू नीट असेल तर मूत्राशय भरतं आणि शूही होते, म्हणूनच माणसं फसतात. हा दोष माद्यांमध्ये जास्त कळून येतो, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रॅडॉर, सायबेरियन हस्की अशा जातींमध्ये विशेष. दुर्बिणीने किंवा सीटी स्कॅनने तो नक्की होतो, शस्त्रक्रियेने किंवा दुर्बिणीतून लेझरने दुरुस्त करता येतो. काहींना त्यानंतरही थोडं औषध लागतं. आणि काही मादी पिल्लांमध्ये नळ्या जागेवर असूनही कडं जन्मतः कमकुवत असतं. त्यातल्या बऱ्याच जणींचा त्रास पहिल्या माजानंतर कमी होतो, म्हणून अशा पिल्लाच्या नसबंदीची घाई करण्याआधी डॉक्टरांशी बोला. जुई वर्षभर रात्री कोरडी झोपत होती. तेव्हा तिच्या बाबतीत हा संशय मागे पडतो, पूर्ण जात नाही.

चालताना तिचे मागचे पाय लडखडतात का, पंजा दुमडून घासला जातो का, शेपटी लुळी लोंबते का, हेही बघा. पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंना इजा झाली तर मूत्राशय रिकामंच होत नाही आणि काठोकाठ भरून सांडत राहतं. वरून तेही गळणंच दिसतं.

थांबायचं नाही अशा वेळा कोणत्या, तर जोर करूनही थेंब येत नाही (नरामध्ये हे जास्त होतं, पण मादीतही होऊ शकतं), लघवीतून उघड रक्त, उलट्या, ताप, खाणं सोडून कोपऱ्यात बसणं. लघवी पूर्ण अडली तर एका दिवसातही जीव धोक्यात येतो, त्यामुळे रात्र असली तरी निघा.

आता घरातलं. तपासण्या होऊन औषध लागू पडेपर्यंत दोन-तीन आठवडे तरी जातील आणि तेवढे दिवस तुम्हालाही झोप हवी. संध्याकाळचं जेवण थोडं लवकर द्या. झोपायच्या अगदी आधी, दिवे मालवताना, पट्टा लावून तिला खाली न्या. शू झाली तरी लगेच फिरू नका, दोन मिनिटं थांबा, बरेचदा दुसरी धार येते. ती पहिल्यांदा कधी उठते ते दोन-तीन रात्री बघून ठेवा. समजा, साधारण एकला उठते. मग एकला ती दार खरवडायची वाट न बघता पाऊणचा गजर लावा. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही, बाहेर जाऊन परत गादीवर. उठवलं की खेळायला मिळतं असं वाटलं तर बऱ्या झालेल्या कुत्रीलाही तीच वेळ लागते, आणि ती मात्र खरोखरची सवय होते. घरातल्या दुसऱ्या कुणाला एक रात्रीआड हे काम वाटून देता आलं तर द्या.

सासूबाईंचा वासाचा मुद्दा खरा आहे, तो उडवून लावू नका. पण बाहेर बांधलेली जुई तिथेही ओलीच होईल, थंड फरशीवर तशीच पडून राहील, आणि लघवी किती झाली, रंग कसा, हे कुणाला दिसणारही नाही. त्यांना हे एकदा निवांत बसून सांगा, आजारी आहे, खोडकर झालेली नाही, असं. सोबत वासाचा बंदोबस्तही दाखवा. गादीवर आधी प्लास्टिकचं आच्छादन, त्यावर पाणी शोषणारं जाड कापड किंवा लहान बाळांना घालतो तसा पॅड, सगळ्यात वर धुता येईल अशी सुती चादर. अशा तीन चादरी फिरवत ठेवा. फरशी पुसायला अमोनिया असलेलं द्रावण वापरू नका, त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच वाटतो. जनावरांच्या लघवीसाठी एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते ओतून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि मग पुसा. वास वरवर झाकत नाही, मुळापासून जातो.

रोज सकाळी तिच्या मांड्यांची आतली बाजू कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा आणि लगेच टिपून पूर्ण कोरडी करा. तिथले केस कापून बारीक ठेवा. लघवीने त्वचा सोलवटते, आधी लालसर होते, मग केस गळतात, मग ती चाटून चाटून जखम करते. लालसरपणा दिसला तर मलम डॉक्टरांना विचारूनच लावा, कारण लावलेलं सगळं ती चाटणार आहे. पाहुणे आल्यावर किंवा प्रवासात कुत्र्यांचा डायपर घालायला हरकत नाही, मात्र ओला झाल्या झाल्या बदलायचा. रात्रभर तोच ठेवलात तर नसलेला संसर्ग होईल.

दवाखान्यात जाताना सोबत न्या तीन दिवसांचं पाण्याचं टिपण, ओल्या डागांच्या वेळा, दोन व्हिडिओ, सकाळच्या लघवीची बाटली, जुन्या गोळ्यांचं पाकीट आणि नसबंदीचा कागद. पाण्याचा आकडा आणि लघवीच्या दाटपणाचा आकडा आला की मला पुन्हा लिहा. वजन सहा महिन्यांपूर्वी किती होतं तेही त्यात लिहा.